येतंय, पण आठवत नाही

परवा पालक आणि शिक्षकांच्या एका चर्चेला बसले होते. विषय जुनाच होता: मुलांनी पाठ करावं की समजून घ्यावं? दोन तासांत दोन तट पडले. एक बाजू म्हणत होती, घोकंपट्टीने मुलांच्या बुद्धीचं वाटोळं केलं. माहिती आता खिशातल्या फोनमध्ये असते, ती डोक्यात कोंबायची कशाला? दुसरी बाजू म्हणत होती, मुलांना बसायची सवयच राहिलेली नाही. आम्ही दहा-दहा तास बैठक मारायचो, त्याशिवाय विद्या येत नाही. टाळ्या दोन्हीकडे पडल्या. घरी परतताना मात्र मला एकच गोष्ट खात राहिली. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांनी उद्या सकाळी पुस्तक उघडून नेमकं करायचं काय, हे दोन्ही बाजूंपैकी कोणीच सांगितलं नव्हतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. पाठांतर आणि समज यांच्यात रेघ ओढणं हीच मूळ चूक आहे. रेघ ओढायचीच तर ती पुस्तक उघडं ठेवून केलेला अभ्यास आणि पुस्तक मिटून केलेला अभ्यास यांच्यामध्ये ओढायला हवी. बहुतेक मुलं, त्यात अतिशय कष्टाळू मुलंही आली, जवळजवळ सगळा वेळ रेघेच्या अलीकडेच घालवतात. वाचतात, परत वाचतात, ओळी रंगवतात, पुस्तकातलं वहीत उतरवून घेतात. परीक्षा मात्र सबंध पलीकडच्या बाजूला होते. निबंधाचीही तीच गत. महिनाभर वाचन चालतं आणि कोरा कागद पहिल्यांदा समोर येतो तो अगदी शेवटच्या दिवशी. मग मुलं नापास झाली की आपण कधी त्यांच्या बुद्धीला दोष देतो, कधी आळसाला, कधी शिक्षणपद्धतीला. ज्या कामाची परीक्षा होती ते काम त्यांनी एकदाही करून पाहिलं नव्हतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझी भाची गेल्या परीक्षेच्या आधी माझ्याकडे राहायला होती. अभ्यासाला बस म्हणून कधी सांगावं न लागणारी मुलगी. हृदयाचं प्रकरण तिने चार वेळा वाचलं होतं. पानं पिवळ्या हायलायटरने इतकी रंगली होती की न रंगलेली ओळ शोधावी लागत होती. मी म्हटलं, पुस्तक मिट आणि शरीरातून परत आलेलं रक्त हृदयात शिरलं की कुठून कुठे जातं ते सांग. सुरुवात तिने झोकात केली. उजवी कर्णिका, उजवी जवनिका, तिथून फुप्फुसं. मग थांबली. "फुप्फुसांतून परत उजवीकडे?" असं स्वतःशीच पुटपुटली, पुस्तकाच्या बंद कव्हराकडे पाहत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "मावशी, वाचताना सगळं येतं गं मला. आत्ताच आठवत नाहीये."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यात खोटं काहीच नसतं. वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. ओळख पटली की मन स्वतःची समजूत घालतं, की हे आपल्याला येतं. पण रस्त्यात दिसलेला चेहरा ओळखणं वेगळं आणि डोळे मिटून त्या चेहऱ्याचं चित्र काढणं वेगळं. चौथ्यांदा वाचताना ओळख अधिक घट्ट होते, खात्री अधिक वाढते, आणि चित्र काढायचा सराव शून्यच राहतो. म्हणून जी मुलगी सर्वांत जास्त वाचते तिला सर्वांत मोठा धक्का बसतो. "एवढं करूनही" हे शब्द तिच्याच तोंडी येतात.

यावर नीट प्रयोग झालेले आहेत. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने चारही फेऱ्यांत तो वाचला, म्हणजे सरासरी चौदाएक वेळा. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या फेरीत वाचला, तीन-साडेतीन वेळाच, आणि पुढच्या तीन फेऱ्यांत आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पाहिलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांकडे ६१. चौदा वेळा वाचणारे हरले होते. आणि आपल्याला पुढे किती आठवेल असं त्यांना आधी विचारलं होतं, तेव्हा सर्वांत जास्त भरवसा त्यांनाच होता.

ही काही नवी अक्कल नाही. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६२० सालीच लिहून ठेवलं होतं, की एखादी गोष्ट वीसदा नुसती वाचण्यापेक्षा दहादा वाचून मधूनमधून स्वतः म्हणून पाहिली तर ती लवकर पाठ होते. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झरने आयोवा राज्यातल्या सहावीच्या ३,६०५ मुलांवर हेच तपासलं. वाचल्यावर लगेच ज्यांची चाचणी झाली होती, त्यांच्या लक्षात पुढे कितीतरी जास्त राहिलं. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. वरच्या पंक्तीत दोनच रीती बसल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं. पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं, म्हणजे मुलं सर्वाधिक जे करतात ते, तळाच्या पंक्तीत गेलं. मग चारशे वर्षं जे माहीत आहे ते मुलांपर्यंत का पोचत नाही?

माझ्या मते कारण असं, की चांगला अभ्यास करताना वाईट वाटतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं संपवून मग दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाला चारही प्रकार मिसळून दिले. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के गणितं बरोबर आली, दुसऱ्याची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ वर होता. सरावाच्या दिवशी त्या दोन वह्या एखाद्या आईसमोर ठेवल्या असत्या तर तिने कोणत्या मुलाची पाठ थोपटली असती? एकाच प्रकारची वीस गणितं करताना कोणतं सूत्र वापरायचं हा प्रश्नच उरत नाही; हात चालतो, डोकं थांबतं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न पहिला येतो. मिसळलेल्या सरावात मूल अडखळतं, चुकतं, चिडतं, आणि त्या अडखळण्यातच सूत्र निवडायला शिकतं. घरातल्या मोठ्यांना मात्र ते अडखळणं म्हणजे अभ्यास न झाल्याची खूण वाटते.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

सर्वांत भक्कम मुद्दा हा, की रात्र जागून पास होता येतं. होता येतंच. वर दिलेला पाच मिनिटांनंतरचा आकडा हेच सांगतो: ताबडतोब ओकून टाकायचं असेल तर वाचत सुटणं पुरतं. लाखो मुलं तसं करून पुढच्या वर्गात गेली आहेत आणि त्यांना मूर्ख म्हणायचा अधिकार मला नाही. समोर आलेल्या पेपरला त्यांनी दिलेलं ते शहाणं उत्तर होतं. पण अभ्यास एका पेपराशी संपतो का? बीजगणित विसरलेल्या मुलाला पुढे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) शिकवायला बसा, म्हणजे कळेल ते कर्ज कोण फेडतं. तहान लागली की विहीर खणायची, आणि पुढच्या तहानेला पुन्हा नवी विहीर, कारण आधीची बुजलेली असते. एकाच विषयाची तीन वेळा शून्यापासून तयारी करण्यात जे तास जातात, ते कोणी मोजत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊसने ते मोजले होते. स्वतःलाच प्रयोगाला बसवून त्याने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. विस्मरणाचा उतार किती तीव्र असतो हे दाखवणारा त्याचा आलेख प्रसिद्ध आहे. त्यातलंच दुसरं निरीक्षण मात्र फार कोणी सांगत नाही. आदल्या दिवशी एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जो परिणाम मिळाला, तोच आधीच्या तीन दिवसांवर पसरलेल्या ३८ वेळांच्या उजळणीत मिळाला. निम्म्याच्या जरा वर श्रम आणि फळ तेवढंच. "आम्ही दहा तास बसायचो" म्हणणाऱ्यांना मी आदराने हेच विचारीन, की त्या दहा तासांतले चार वाचले असते तर तुम्हाला नको होते का? बैठक लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सलग तासभर एका विषयात राहता येणं हे कौशल्य आहे आणि ते कमवावं लागतं. पण तास ही किंमत झाली, माल नव्हे. धाकट्या भावंडांना सांभाळून, घरकाम उरकून जी मुलगी अभ्यासाला बसते तिच्याकडे दहा तास नसतातच. तिला तासांचा उपदेश करणं म्हणजे तुझं काही होणार नाही असं सांगणं आहे. तिच्या दीड तासात काय करायचं हे सांगितलं तर ती पुढे जाऊ शकते.

जागरणाबद्दलही एक सांगायला हवं. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली दाखवलं, की पाठ केल्यानंतर झोपलेल्या माणसाला तेवढाच वेळ जागं राहिलेल्या माणसापेक्षा जास्त आठवतं. त्यांचा प्रयोग दोनच व्यक्तींवर होता, पण झोप आणि स्मरण यांच्या नात्यावर पुढे जे काम झालं ते त्याच दिशेचं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. ती कापून मिळवलेली दोन प्रकरणं महागात पडतात.

दुसरा मुद्दा फोनवाल्यांचा, आणि हल्ली त्यांच्या मदतीला लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. सगळं शोधता येतं, तर लक्षात का ठेवायचं? यात तथ्य इतकंच, की काही गोष्टी खरोखरच लक्षात ठेवण्यासारख्या नसतात. मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं चार दशांश स्थळांपर्यंत पाठ करायला लावणं हा छळ आहे. पण शोधायचं काय, हे सुचतं कशावरून? बुद्धिबळावरचं विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांचं १९७३ चं काम इथे आठवतं. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी परत मांडतो. नवख्याला मोजक्याच सोंगट्या आठवतात. त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून दाखवल्या की निष्णाताची आघाडी जवळपास पुसली जाते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही जन्मजात अफाट नव्हती. वर्षानुवर्षांचे डाव त्याच्या डोक्यात आकृत्या होऊन बसले होते आणि तो त्या आकृत्यांनीच विचार करत होता. फोनमध्ये असलेल्या डावांनी त्याला ही नजर आली नसती.

माझ्या भाचीचं पुढे काय झालं ते यासाठीच सांगते. त्या दिवशी तिने कोऱ्या कागदावर मार्ग लिहिला, अडली तिथे जागा सोडली, आणि मग पुस्तक उघडून फक्त तेवढीच जागा लाल पेनाने भरली. दुसऱ्या दिवशी परत कोरा कागद. मध्ये एक दिवस सोडून पुन्हा. चौथ्या दिवशी मी विचारलं, "डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड का असते गं?" ती हवेतच बोटाने मार्ग काढायला लागली. उजवी जवनिका रक्त ढकलते ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंत. डावी ढकलते ते सगळ्या शरीरात, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. "जोर जास्त लागतो, म्हणून जाड!" हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. हे पाठांतर झालं की समज? क्रम डोक्यात पक्का होता म्हणून कारण सुचलं, आणि कारण सुचलं म्हणून क्रम आता सहसा निसटणार नाही. दोन्ही तट ज्या दोन गोष्टींना एकमेकींच्या वैरिणी ठरवतात, त्या एकीच्या हाताला धरून दुसरी चालत होती.

आणि पाठांतराची आपण ज्या सहजतेने टर उडवतो, त्यालाही एक उत्तर द्यावं लागेल. वेदपाठाची परंपरा पाठांतराचं टोक मानली जाते. पण घनपाठ म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा घोकणं नव्हे. पहिला शब्द-दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, आणि मग दुसऱ्यापासून हीच साखळी पुढे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ या सगळ्या रीतींत शब्द सुटे करायचे, जोडायचे, उलटे फिरवायचे, आणि तेही समोर पोथी न ठेवता. ज्यांना खरोखर काही शतकानुशतकं टिकवायचं होतं, त्यांनी नुसत्या आवर्तनावर विश्वास ठेवला नव्हता. डोक्यातून बाहेर काढायच्या वेगवेगळ्या वाटा त्यांनी पाडल्या होत्या.

"प्रत्येकाची शिकायची पद्धत वेगळी" हे तिसरं पालुपद. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी हातांनी. ऐकायला हे फार माणुसकीचं वाटतं. पण २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी पुरावे तपासले, तेव्हा मुलांचे असे प्रकार पाडून त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही. आवडी वेगळ्या असतात, आधीची तयारी वेगळी असते, वेग वेगळा असतो; विसरायची रीत मात्र सगळ्यांची सारखीच.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. ज्याला काहीच येत नाही त्याने पुस्तक मिटून आठवायचं काय? नवख्याला कोऱ्या कागदासमोर बसवणं म्हणजे त्याचा पाणउतारा करणं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितात दाखवलं, की सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणारी मुलं स्वतःच झगडत बसणाऱ्या मुलांपेक्षा पुढे जातात. तेव्हा आधी समजावून घ्यावं, सोडवलेलं उदाहरण ओळीओळीने पाहावं, प्रत्येक पायरीला "हे का?" विचारावं. माझा आग्रह त्यानंतरचा आहे: पहिल्या समजण्यावर थांबू नये. वर्गात कळलं, मान डोलली, तिथे अभ्यास सुरू होतो. आपली मुलं तिथे तो संपला असं समजतात.

आता निबंध. इथे माझं मन जास्त गुंतलेलं आहे, कारण इथलं नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही. आपल्याकडे "निबंध" या शब्दात बांधणं आहे. फ्रेंचमधल्या "एसे" या शब्दाचा मूळ अर्थ प्रयत्न, करून पाहणं. मुलांना आपण बांधलेलं पाहायला देतो, करून पाहायला देत नाही. नमुना निबंध, नमुना उत्तर, सुरुवातीला सुविचार, शेवटी दुसरा सुविचार, मध्ये पाच मुद्दे. चीनमध्ये हा रस्ता शेवटापर्यंत चालून पाहिला गेलाय. तिथल्या राजसेवेच्या परीक्षांत मिंग काळापासून आठ अंगांचा ठरीव साच्याचा निबंध रूढ झाला. कोणत्या अंगात किती आणि कसं लिहायचं, कोणती वाक्यं जोडीने यायची, सगळं आखलेलं. यशस्वी उमेदवारांच्या निबंधांचे संग्रह छापले जाऊ लागले आणि मूळ ग्रंथ बाजूला ठेवून मुलं ते संग्रहच पाठ करू लागली. सतराव्या शतकातला विद्वान गू यानवू इतका कळवळला, की या निबंधाने केलेली हानी प्राचीन काळच्या चिन घराण्याच्या सम्राटाने केलेल्या ग्रंथदहनाइतकीच आहे असं त्याने लिहिलं. तरी तो साचा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकला, आणि १९०५ साली ती परीक्षापद्धतीच मोडीत निघाली.

परीक्षा-सुधारकांचा सर्वांत खरा मुद्दा मला याच इतिहासात दिसतो. जी प्रश्नपत्रिका तयार उत्तराने जिंकता येते, ती तयार उत्तरंच पिकवणार. व्याख्या लिहा, कारणे द्या, टिपा लिहा एवढंच वर्षानुवर्षं विचारत राहिलं तर मुलांना अभ्यासाच्या रीती शिकवून काय उपयोग? दोष पेपर काढणाऱ्यांचा आहे आणि तो त्यांनी पत्करायला हवा. पण परीक्षा सुधारेपर्यंत मुलाने थांबावं का? ज्याचा पेपर पुढच्या महिन्यात आहे त्याला धोरणाची वाट पाहता येत नाही. शिवाय चांगला प्रश्न आला तरी साच्यात वाढलेलं मूल तो ओळखत नाही, हा माझा उत्तरपत्रिका तपासतानाचा अनुभव आहे. समजा प्रश्न असा आहे: "औद्योगिक क्रांतीमुळे कामगारांचे जीवन सुधारले, असे कितपत म्हणता येईल?" दहातली आठ मुलं "औद्योगिक क्रांती" एवढंच वाचतात. मग वाफेचं इंजिन येतं, जेम्स वॉटचं १७६९ चं पेटंट येतं, सूतकताईची यंत्रं येतात, दोन पानं भरतात. सगळं बरोबर, आणि प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. प्रश्नाचा सगळा जीव "कितपत" या एका शब्दात होता. कोणत्या कामगारांचं? गिरणीतल्या मुलांचं की कुशल कारागिरांचं? कोणत्या दशकात? नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामावर ठेवायला बंदी करणारा ब्रिटनचा कायदा १८३३ साली यावा लागला, हे त्यांतल्या एका मुलाला माहीत होतं. त्याने ते तिसऱ्या पानावर "इतर माहिती" म्हणून लिहिलं होतं. तोच त्याचा सर्वांत बळकट पुरावा होता. बंदी घालावी लागली म्हणजे त्याआधी काय चाललं होतं, एवढं एक वाक्य पुढे लिहिलं असतं तर निबंध उभा राहिला असता.

ते वाक्य कुठून येणार होतं? आणखी वाचून नक्कीच नाही. वाचलेलं त्याच्याकडे भरपूर होतं. ते येतं लिहून. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते, वाचन अर्धं झालं की पुस्तक मिटा आणि प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहा. वाक्य वाईट येईल. येऊ द्या. त्याखाली ते खरं का वाटतं ते लिहा, आणि त्याखाली ते न पटणारा शहाणा माणूस काय म्हणेल ते. आता उरलेलं वाचन करा. यावेळी तुम्हाला काय शोधायचंय ते माहीत असेल. पहिला कच्चा खर्डा मुदतीच्या आठवडाभर आधी झाला पाहिजे, मग दोन दिवस त्याकडे बघायचं नाही, आणि नंतर तो मोठ्याने वाचायचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा विचारही अडखळलेला असतो. परीक्षेतल्या निबंधासाठी याच कामाची छोटी आवृत्ती: जुने प्रश्न घ्यायचे आणि प्रत्येकाला दहा मिनिटं, फक्त भूमिका आणि तीन-चार मुद्द्यांचा क्रम. पूर्ण निबंध आठवड्यातून एक, घड्याळ लावून. पाच नमुना निबंध पाठ करायला लागतो त्यापेक्षा यात कमी वेळ जातो. आणि अनोळखी प्रश्न आला की पाठ केलेला निबंध दगा देतो, हा सराव देत नाही.

शिक्षकांकडून एक रास्त तक्रार येते: अभ्यासक्रम संपवायलाच वेळ पुरत नाही, त्यात चाचण्या कुठे घुसवायच्या? आणि आधीच परीक्षांनी दबलेल्या मुलांवर आणखी परीक्षा? मी ज्या चाचणीबद्दल बोलते तिला गुण नसतात, ती जमा होत नाही, घरी सांगितली जात नाही. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं, तीन प्रश्न: एक कालच्या धड्यातला, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तकं मिटलेली. मुलांनी आपापल्या कागदावर लिहायचं, मग आपलं आपणच तपासायचं, चुकलेली जागा दुसऱ्या रंगाने भरायची आणि कागद आपल्या दप्तरात ठेवायचा. महिन्यापूर्वीचा प्रश्न सुरुवातीला बहुतेकांना येणार नाही, वर्गात चुळबुळ होईल, एखादा म्हणेल हे शिकवलंच नव्हतं. त्यावर रागवायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन प्रश्न फळ्यावर लिहायचे.